पापागेना ते पामिना

सोप्रानो म्हणजे बायकांच्या आवाजातला सगळ्यात उंच आवाज, एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. जर्मनीतल्या ऑपेरा थिएटरात काम मागायला गेलं की मात्र एवढ्यावर भागत नाही. तिथे विचारतात, फाख कोणता? फाख म्हणजे आवाजाची जात आणि त्या जातीला शोभणाऱ्या भूमिकांची यादी. मोझार्टच्या चतुर मोलकरणी आणि खेड्यातल्या खट्याळ पोरी करते ती सूब्रेट. वरच्या सप्तकात सरसर ताना घेते ती कोलोराटुरा. जिच्या मधल्या पट्टीत ऊब असते आणि जी लांबच लांब ओळ न तुटता नेते, ती लिरिक. त्यापुढे आवाज जड आणि मोठा होत जातो तसे युगेंडलिश-ड्रामाटिश, मग ड्रामाटिश, आणि सगळ्यात शेवटी वाग्नरची ब्रुनहिल्ड किंवा इझोल्ड गाणारी होखड्रामाटिश. हे सगळं माइकशिवाय, पिटात, म्हणजे रंगमंचापुढच्या खड्ड्यात, बसलेल्या पूर्ण ऑर्केस्ट्राच्या वरून.

मी सूब्रेट म्हणून नोकरीला लागले आणि आज लिरिक म्हणून गाते. मधल्या काळात काय काय झालं ते लिहिते आहे, कारण फाख बदलण्याबद्दल गायिका एकमेकींशी ग्रीनरूममध्ये खूप बोलतात, पण बाहेर फारसं कुणी सांगत नाही. त्यातून आवाज बदललाय म्हटलं की लोकांना वाटतं बिघडला.

सुरुवात चारचौघींसारखीच. संगीत महाविद्यालय, मग एका थिएटरच्या ऑपेरा स्टुडिओत शिकाऊ म्हणून जागा, मग ऑडिशनांचा सपाटा. जर्मनीत सरकारी पैशावर चालणारी सुमारे ८० ऑपेरा थिएटरं आहेत आणि त्यातली बहुतेक आपले गायक पगारावर ठेवतात. जगात इतक्या पगारी जागा दुसऱ्या कुठल्या देशात नाहीत, म्हणून सगळीकडचे गायक इथे येऊन धडकतात. सोप्रानोंची तर झुंबडच. टेनरला, म्हणजे पुरुषांतल्या उंच आवाजाला, एक ऑडिशन मिळते तिथे सोप्रानोला वाट बघावी लागते, हे कुणी लिहून देणार नाही पण सगळ्यांना माहीत आहे.

ऑडिशनला पाच आरियांची, म्हणजे ऑपेरातल्या एकट्याने गायच्या गाण्यांची, यादी द्यायची असते. मोझार्ट हवाच; शिवाय एक जर्मन, एक इटालियन, एक फ्रेंच आणि जमल्यास विसाव्या शतकातलं काहीतरी. पहिली आपण निवडायची, दुसरी ते मागतात. सभागृह अंधारं असतं, समोर मोजकी डोकी, त्यातली निम्मी कागदात. पियानोवादकाशी ओळख नसते; लय काय हवी ते त्याच्या कानात दोन ओळी गुणगुणून सांगायचं आणि पुढे जाऊन उभं राहायचं. गाऊन झालं की अंधारातून "डांके", म्हणजे धन्यवाद, येतं. तो डांके कसा म्हटला, सूर वर गेला की खाली, यावर परतीच्या गाडीत खल करत बसणं हा आमच्या जमातीचा आवडता उद्योग.

मी 'द मॅरेज ऑफ फिगारो'मधल्या सुझान्नाची चौथ्या अंकातली आरिया, 'दे व्हिएनी', गायले. सुझान्ना ही सूब्रेटची खरी कसोटी. चार अंक ती रंगमंचावरून फारशी हलतच नाही. प्रत्येक भांडणात, प्रत्येक लपाछपीत ती असतेच. एवढं सगळं झाल्यावर बागेतल्या अंधारात तिला ही निवांत आरिया गायची असते. त्यात एका ओळीत सूर मधल्या 'सी'च्या खाली उतरून 'ए'पर्यंत जातो. पुष्कळ सूब्रेटांचा तिथे नुसता श्वास ऐकू येतो, आणि ते चालवूनही घेतात. माझा सूर तिथे भरीव लागला. आज वाटतं, हा आवाज सूब्रेटचा फार काळ राहणार नाही हे त्या खालच्या 'ए'ने तेव्हाच सांगून टाकलं होतं. ऐकणाऱ्यांना मात्र वरचे सूर आणि माझी उंची आवडली असावी. काम मिळालं.

करारावर लिहिलं होतं: सोप्रानो, व्यक्तिमत्त्वाला अनुसरून भूमिका. हे वाक्य जर्मन करारांत नेहमीचं आहे आणि त्यात थिएटरला हातपाय पसरायला ऐसपैस जागा असते. फाखाचं नाव करारात स्पष्ट असेल तर बाहेरची भूमिका नाकारता येते. 'व्यक्तिमत्त्व' लिहिलं असेल तर वाद घालत बसा. हे करार २००३ पासून 'एनव्ही ब्यूने' नावाच्या सामूहिक करारनाम्याखाली होतात. सीझनपुरती नोकरी, आणि कुणी काही बोललं नाही तर ती आपोआप पुढच्या सीझनला वाढते. किमान पगार बरीच वर्षं २००० युरोच्या आसपास रेंगाळत होता. २०२३च्या जानेवारीपासून तो २७१५ झाला. सुरुवातीच्या गायिकेला साधारण किमान पगारावरच घेतात. बाहेरून ऑपेराची गायिका म्हणजे हिरेमाणकं वाटतात, म्हणून हे आकडे मुद्दाम दिले.

रोजचा दिवस दोन तुकड्यांत असतो. सकाळी १० पासून दुपारपर्यंत एक तालीम, संध्याकाळी ६ नंतर दुसरी, मधले तास ना धड सुट्टीचे ना कामाचे. उद्याचा तक्ता आज दुपारी लागतो. गाव सोडून जायचं असेल तर ऑफिसची परवानगी घ्यावी लागते, कारण कुणाचा घसा बसला तर तुम्ही हाताशी हवे. मला यातलं काही जाचक वाटलं नाही. उलट तालमीतला कोरेपेटिटर, म्हणजे पियानोवर बसून भूमिका घोटून घेणारा माणूस, रोज फुकट मिळतो याचं अप्रूप होतं. बाहेर त्याच तासाला पैसे मोजावे लागतात.

पहिल्या सीझन्समध्ये मी सूब्रेटचं सगळं खाणं खाल्लं. 'फिगारो'तली बार्बारिना, 'मॅजिक फ्लूट'मधली पापागेना, 'डॉन जोव्हान्नी'तली त्सेर्लिना, 'फ्रायश्युट्झ'मधली एन्शेन. आणि दर डिसेंबरला ग्रेटेल. हम्परडिंकचा 'हेन्सेल आणि ग्रेटेल' हा ऑपेरा २३ डिसेंबर १८९३ रोजी वायमारला पहिल्यांदा झाला, रिचर्ड स्ट्राउसच्या हाताखाली, आणि तेव्हापासून तो ख्रिसमसच्या सुमाराचा हुकमी एक्का आहे. शाळांसाठी सकाळचे प्रयोग लावतात. सकाळी ११ ला वरचे सूर लागायचे तर आवाज ९ ला जागा हवा आणि तुम्ही त्याच्याही आधी. गंमत अशी की याला मुलांचा ऑपेरा म्हणतात, पण हम्परडिंक बायरॉइटला वाग्नरचा मदतनीस होता, 'पार्सिफाल'च्या तयारीत त्याने हातभार लावला होता. पिटातून जो आवाज वर येतो तो अजिबात लहान मुलांचा नाही. ग्रेटेल छोटी दिसायला हवी म्हणून ती सूब्रेटला देतात आणि मग बिचारी त्या लाटेखाली बुडते.

माझं उलटं व्हायचं. ग्रेटेल गायल्यावर गळा मोकळा वाटायचा आणि पापागेना गायल्यावर आवळल्यासारखा. पापागेनाची भूमिका केवढी? थोडे संवाद आणि शेवटचं 'पा-पा-पा'चं युगुलगीत. दोन तास मेकअपमध्ये बसून पाच मिनिटं गायचं. त्या पाच मिनिटांत आवाज पातळ, टोकदार, हसरा ठेवायचा. तो पातळ ठेवण्यासाठी मला दरवर्षी थोडं जास्त बळ लागत होतं, हे मला कळत होतं, पण कुणाशी बोलावं असं ते वाटत नव्हतं.

बोलणं झालं ते 'फिगारो'च्या तालमीत. तिसऱ्या अंकात काउंटेस पत्राचा मजकूर सांगते आणि सुझान्ना लिहून घेते; दोन सोप्रानो एकमेकींच्या ओळी उचलत गातात. आमची काउंटेस अनुभवी होती, सुंदर गायची. कंडक्टरने दोनदा थांबवलं. तिसऱ्यांदा छडी खाली ठेवून म्हणाले, "डोळे मिटले की मला कळत नाही यात बाई कोण आणि मोलकरीण कोण." मग मला म्हणाले, "थोडी हलकी करा." मी हलकी केली. हलकी म्हणजे काय, तर आवाजाचा खालचा रंग काढून घेतला, अर्ध्या श्वासावर गायले. ते खूश झाले. तालीम संपल्यावर काउंटेसने मला गाठलं. "हे असं रोज करू नकोस हं," म्हणाली. "तुझा आवाज मोठा झालाय. आता तू लहान बहिणीचे कपडे घालून फिरते आहेस."

आवाज मोठा होतो याला शास्त्रीय कारण आहे. तिशीच्या आसपास स्वरयंत्राची कूर्चा हळूहळू कठीण व्हायला लागलेली असते, श्वासाचे स्नायू वर्षांच्या कामाने पक्के झालेले असतात, मधली पट्टी भरत जाते. सगळ्यांचं सारखं होत नाही. काहींचा आवाज पन्नाशीतही चिमणीसारखा राहतो आणि त्या आयुष्यभर आनंदाने मोझार्टची मोलकरीण डेस्पिना गातात. पण एक धोक्याची गोष्ट आहे: आवाज खरोखर वाढणं आणि गायिकेने तो रेटून मोठा करणं, या दोन गोष्टी आतून अगदी सारख्या वाटतात. आपला आवाज आपल्याला कवटीच्या आतून ऐकू येतो, आणि आतून मोठा वाटणारा आवाज सभागृहाच्या शेवटच्या रांगेत बहुतेक वेळा छोटा असतो.

म्हणून मी आधी फोनिआट्रिस्टकडे, म्हणजे आवाजाच्या डॉक्टरकडे, गेले. नाकातून किंवा तोंडातून कॅमेरा घालून लुकलुकत्या प्रकाशात स्वरतंतू बघतात. इतक्या वेगाने हलणारी गोष्ट त्या प्रकाशात संथ दिसते. वरच्या 'सी'ला स्वरतंतू सेकंदाला हजाराहून जास्त वेळा एकमेकांवर आपटतात, तेव्हा जरा सूज असली तरी पहिल्यांदा तिथेच कळतं. माझे तंतू स्वच्छ होते. डॉक्टरांनी जाता जाता एवढंच सांगितलं की पाळीच्या दिवसांत जड गाणं असेल तर अॅस्पिरिनसारखी औषधं टाळा, सुजलेल्या तंतूत रक्तस्राव होऊ शकतो. एकेकाळी युरोपातली काही थिएटरं या दिवसांत गायिकांना सवलतीची रजा द्यायची. आता ती पद्धत गेली. समानता आली म्हणायचं.

मग माझ्या गाण्याच्या बाईंकडे. बाई सत्तरीच्या, स्वतः लिरिक गायलेल्या, स्तुतीच्या बाबतीत कंजूष. त्यांनी मला कुठलीही आरिया गाऊ दिली नाही. वरचा 'ए' अगदी बारीक सुरू कर, फुगव, आणि परत बारीक करून सोड. एवढंच. "फुगवता सगळ्यांना येतं. परत येता आलं तर आवाज वाढलाय. नाही आलं तर तू ढकलते आहेस." मी गेले आणि परत आले. मग म्हणाल्या, "आता अख्खी सुझान्ना गा, आणि संपल्यावर तोच 'ए' पुन्हा." तेही जमलं. तेव्हा कुठे त्यांनी वही काढून भूमिकांची नावं लिहिली. 'मॅजिक फ्लूट'मधली पामिना, 'कार्मेन'मधली मिकाएला, आणि काउंटेसपुढे प्रश्नचिन्ह. 'ला बोहेम'मधल्या मिमीचं नाव मी काढलं तर त्यांनी ऐकूच न आल्यासारखं केलं.

बाई नेहमी लुचिया पॉपचं उदाहरण देत. पॉप १९६३ मध्ये ब्रातिस्लावात 'मॅजिक फ्लूट'च्या राणीच्या भूमिकेत पुढे आली. राणीची भूमिका वरच्या 'एफ'पर्यंत जाते. पुढे त्याच ऑपेरात ती पामिना झाली, 'फिगारो'त सुझान्नाची काउंटेस झाली, 'रोझेनकाव्हालियर'मध्ये झोफीची मार्शालिन. एकाच घरात वेगवेगळ्या खोल्यांत राहून बघितलं तिने, प्रत्येक खोलीत पुरेसा वेळ. याउलट तरुण गायिका सांगतात मारिया कॅलासचं: १९४९ च्या जानेवारीत व्हेनिसला तिने 'वाल्क्यूर'मधली ब्रुनहिल्ड गायली आणि लगोलग बेल्लिनीची तानांची एल्विरा, फाखांची दोन टोकं. खरं आहे. पण तो चमत्कार होता, अभ्यासक्रम नव्हे.

थिएटरात मी रीतसर विचारलं. पुढच्या सीझनला 'मॅजिक फ्लूट' पुन्हा लागणार होतं. मला निदान पामिनाची बदली गायिका म्हणून तयार होऊ द्या. उत्तर अगदी सभ्य होतं. पामिना आमच्याकडे आहे, पापागेना नाही. ऑफिसच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं. थिएटरला गायिका नको असते, भूमिकांच्या तक्त्यातला रिकामा चौकोन भरायचा असतो, आणि मी माझ्या चौकोनातून उठले तर दोन ठिकाणी खोळंबा.

तेवढ्यात इंटेंडंट बदलणार असं जाहीर झालं. इंटेंडंट म्हणजे थिएटरचा सर्वेसर्वा. तो बदलला की येणारा आपली माणसं आणतो, हा जर्मनीतला शिरस्ता. करार पुढे वाढवायचा नसेल तर सीझन संपण्याआधीच्या ३१ ऑक्टोबरपर्यंत लेखी कळवावं लागतं, आणि त्याच्याआधी गायकाला बोलावून त्याचं म्हणणं ऐकावं लागतं. त्यामुळे शरद ऋतू आला की कॅन्टीनमध्ये आवाज खाली जातात, पत्रपेटीकडे बघत बघत लोक तालमीला जातात. एकाच थिएटरात पंधरा वर्षांहून जास्त झाली की असं काढता येत नाही, म्हणून त्याच्या जरा आधीच पुष्कळांना पत्र येतं. एक सहकारी तसाच गेला, दोन मुलांचा बाप. माझं बोलणं दहा मिनिटांत झालं. कारण 'कलात्मक'. नव्या दिग्दर्शकाला सूब्रेट म्हणून वेगळा रंग हवा होता. मी म्हटलं, मला तरी कुठे सूब्रेट राहायचंय? समोरचे दोघे हसले, मीही हसले, आणि सही केली. घरी जाऊन रडले ते वेगळं.

पगार ३१ जुलैपर्यंत चालू होता. तेवढ्या वेळात नवा आवाज बाजारात न्यायचा होता. इथे घोडं अडलं. एजंटांना पामिनाची आरिया ऐकवली की ते म्हणायचे, छान, पण रंगमंचावर कुठे गायलीस? न गाता कुणी गाऊ देत नाही आणि गायला मिळाल्याशिवाय गायले म्हणता येत नाही. एकाने तर स्पष्ट सांगितलं, तुझा बायोडेटा सूब्रेटचा आहे, मी तुला सूब्रेट म्हणून उद्या काम देतो. हातचं सोडून पळत्यापाठी लागू नये असं लहानपणापासून ऐकलेलं. त्या दिवशी ते फार पटलं, आणि तरीही मी नाही म्हटलं. सरकारी एम्प्लॉयमेंट एजन्सीची कलाकारांसाठी वेगळी शाखा आहे, ती गायकांकडून पैसे घेत नाही. तिथल्या बाईंनी मात्र यादीतून पापागेना खोडायला लावली. "जुनं ठेवलंत तर तेच मिळेल," म्हणाल्या.

त्या काळात पामिनाची जी आरिया मी घासली तिच्याबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण दोन फाखांमधला फरक तिच्यात उघडा पडतो. 'आख, इश फ्यूल्स' ही 'मॅजिक फ्लूट'च्या दुसऱ्या अंकातली आरिया. हा ऑपेरा ३० सप्टेंबर १७९१ ला व्हिएन्नाला झाला तेव्हा पामिना होती आन्ना गॉटलिब, वय १७. पाच वर्षांपूर्वी, १२ व्या वर्षी, तीच 'फिगारो'त बार्बारिना होती. राणी गायली मोझार्टची मेहुणी, योझेफा होफर. राणीच्या आरियांना लोक टाळ्या वाजवतात, पण गायिकांना विचारा, घाबरतात त्या पामिनाला. राणीकडे निदान राग असतो. पामिनाकडे काही नाही. तिचा प्रियकर तामिनो बोलत नाही, कारण त्याला मौनाची अट आहे. तिला वाटतं प्रेम संपलं. ऑर्केस्ट्रा दोन-दोन सूर वाजवून थांबतो, पुन्हा दोन सूर, पुन्हा थांबतो. लपायला जागाच नाही. वर ओळ हळूहळू चढत 'बी फ्लॅट'पर्यंत जाते आणि ते सगळं एका शब्दावर.

अडचण सोप्रानोच्या पासाज्जोची, म्हणजे आवाज जिथे मधल्या पट्टीतून वरच्या पट्टीत शिरतो त्या सांध्याची. तो वरच्या सप्तकातल्या 'एफ'च्या आसपास असतो. त्या सुराला स्वरतंतू सेकंदाला सुमारे ७०० वेळा कंप पावतात. 'ई' म्हणताना तोंडाची पोकळी ज्या कंपनाला साथ देते ते त्याच्या निम्म्याहून कमी. म्हणजे तिथे शुद्ध 'ई' म्हणायला गेलात तर आवाज चिमटतो. जबडा उघडायचा, 'ई' आतून ठेवायचा आणि बाहेर तो 'आ'कडे झुकू द्यायचा. म्हणूनच सोप्रानोचे वरचे शब्द कळत नाहीत. उच्चार वाईट म्हणून नव्हे, ध्वनीच्या नियमाने. सूब्रेटच्या भूमिकांत हा सांधा भराभर ओलांडला जातो, दोष दिसायच्या आत पलीकडे. पामिनाला मात्र तिथेच रेंगाळावं लागतं, एकच ओळ त्या सांध्यावरून वर, खाली, परत वर, आणि प्रत्येक वेळी रंग तोच.

बाईंनी मला कितीतरी आठवडे शब्द गाऊच दिले नाहीत. फक्त 'उ'वर. मग फक्त ओठ मिटून. मग वाचून दाखव, रडल्यासारखं नाही, बातम्या वाचतात तसं. मला त्यातलं काय बदलत गेलं ते शब्दांत नीट सांगता येणार नाही; एवढं कळलं की सूब्रेट म्हणून मला प्रत्येक सूर चमकवायची सवय लागली होती. चेहऱ्यावर हसू, सुराच्या तोंडाशी एक टिचकी. पामिनात ती टिचकी काढावी लागते आणि ती निघत नाही, कारण त्याच टिचकीवर इतकी वर्षं पगार मिळालेला असतो.

संधी आली ती आजारी पडलेल्या एका गायिकेमुळे. सकाळी फोन आला: आज रात्री पामिना गाल का? याला इथे आइनश्प्रिंगेन म्हणतात, आणि अर्धी करिअरं त्यावर उभी राहिलेली आहेत. कुणाचा घसा बसतो, ऑफिसवाले फोनांची यादी काढतात, आणि जो आधी उचलतो आणि ज्याची गाडी वेळेवर पोचते तो गातो. मी हो म्हटलं. गाडीत बसल्यावर आठवलं की 'मॅजिक फ्लूट'मध्ये गाण्यांच्या मध्ये जर्मन संवाद असतात आणि ते प्रत्येक थिएटर आपल्या सोयीने कापतं. त्यांची संवादसंहिता फोनवर आली. अर्धे संवाद माझ्या पाठांतरापेक्षा वेगळे.

सुदैवाने त्यांनी सोपा मार्ग काढला. सहायक दिग्दर्शिका पामिनाच्या वेषात रंगमंचावर वावरेल, संवाद बोलेल आणि ओठ हलवेल; मी कडेला स्टँडसमोर उभी राहून गाईन. प्रेक्षकांना आधी येऊन सांगतात, ते टाळ्या वाजवतात, आणि खरं सांगायचं तर अशा रात्री प्रेक्षक नेहमीपेक्षा जास्त तुमच्या बाजूने असतात. कंडक्टरची भेट झाली ड्रेसिंग रूमच्या दारात. ते म्हणाले, "लय?" मी दोन ओळी गायल्या. ते म्हणाले, "मी जरा पुढे नेतो, चालेल?" ही आरिया संथ केली की गायिकेचा श्वास संपतो आणि लोकांना वाटतं भावना आहे, त्यांनी पुढे नेली म्हणून मी त्यांची आजन्म ऋणी आहे. इन्स्पिझिएंटने, म्हणजे प्रयोग चालवणाऱ्या रंगमंच व्यवस्थापकाने, स्पीकरवरून नाव पुकारलं, कुणीतरी डाव्या खांद्यावरून शुभेच्छांचं "टोइ टोइ टोइ" केलं. त्याला आभार मानायचे नसतात, अपशकुन होतो म्हणतात.

गाणं कसं झालं? ठीक झालं. पहिल्या अंकातलं युगुलगीत जरा वर चढलं, आरिया चांगली झाली, 'बी फ्लॅट'वरून उतरताना मला स्वतःलाच नवल वाटलं की ते इतकं साधं असू शकतं. शेवटच्या सुरानंतर बराच लांब वाटणारा ऑर्केस्ट्राचा तुकडा असतो, त्यात उभं राहून काय करायचं हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मी स्टँडवरचा कागद उलटला. पापागेनाचं काम करणारी मुलगी विंगेत उभी होती, ओठ घट्ट मिटून. तिला पुढच्या दृश्यात हसरं व्हायचं होतं.

त्या एका रात्रीने बायोडेटात एक ओळ आली आणि त्या ओळीने सगळं बदललं, याचा मला आजही थोडा राग येतो. आवाज तोच होता. आदल्या आठवड्यात जे एजंट माझं ऐकून 'पण' म्हणाले होते, त्यातल्याच एकाने महिन्याभरात पाहुणी पामिना म्हणून करार आणला. आता मी फ्रीलान्स आहे. आरोग्यविम्याचा आणि पेन्शनचा जवळपास निम्मा भार कलाकारांसाठीची सरकारी योजना उचलते, बाकी मी. पगार ठरलेला नाही, फुकटचा कोरेपेटिटर नाही, आणि डिसेंबरमध्ये सकाळी ११ ला गावं लागत नाही.

सध्याच्या यादीत पामिना, मिकाएला, काउंटेसची तिसऱ्या अंकातली आरिया, स्ट्राउसचं एक गीतासारखं काही जे मी अजून घासते आहे, आणि मुद्दाम ठेवलेली सुझान्नाची 'दे व्हिएनी'. ती अजून जमते का हे दर महिन्याला बघायला बाईंनी सांगितलंय. जोवर ती हलकी गाता येते तोवर मी ढकलत नाही असं समजायचं.

मिमी यादीत नाही. एजंट दर सीझनला विचारतो, कारण 'ला बोहेम' सगळीकडे लागतं आणि मिमी कायम हवी असते. पुच्चिनी गायिकेच्या ओळीबरोबर व्हायोलिनही वाजवत ठेवतो. ऐकताना आधार वाटतो, पण आवाज तयार नसेल तर गायिका त्या तारांच्या वर निघायला ढकलू लागते, आणि तिसऱ्या अंकात तर तिला थकलेली, खोकणारी असूनही त्याच्या वर राहायचं असतं. बाईंना परवा पुन्हा विचारलं. त्या म्हणाल्या, आधी दोन सीझन काउंटेस गा. मी एजंटला तेच कळवलं, त्याने "बरं" म्हणून तारीख टिपून घेतली आणि लगेच विचारलं, मग येत्या मार्चमध्ये एक मिकाएला आहे, मोकळी आहेस का?